वस्तीतल्या महिला फुटबॉल क्लबचा इतिहास कसा लिहावा

नागपुरात फुटबॉलच्या जुन्या गोष्टी निघाल्या की बोलणे कामठीच्या रब्बानी मैदानापासून सुरू होते, रेल्वेच्या आणि पोलिसांच्या संघांकडे वळते आणि बहुधा पुरुषांच्या सामन्यांतच संपते. मुलींचे संघही याच शहरात खेळले. त्यांची आठवण मात्र घराघरांत विखुरलेली आहे. ती ज्यांच्याजवळ आहे त्या बायका आता पन्नाशी-साठीत आहेत, त्यांचे प्रशिक्षक त्याहून वयस्कर आहेत आणि त्यांतले कोणी ना कोणी आता निघूनही जात आहे. आपल्या वस्तीतल्या, शाळेतल्या किंवा क्रीडा मंडळातल्या महिला संघाचा इतिहास लिहून काढावा असे ज्यांना वाटते, त्यांनी हे काम कसे करावे ते मी येथे सांगणार आहे. पूर्व नागपुरातल्या अशाच एका संघाची माहिती मी गेली तीन वर्षे गोळा करत आहे आणि खाली सांगितलेल्या बहुतेक गोष्टी मी त्या कामातच, काही तर चुका झाल्यावर, शिकले.

सुरुवात नावांच्या वहीपासून

स्थापनेचे वर्ष, पहिला चषक, मैदानाचा वाद हे सगळे नंतर पाहावे. सर्वांत आधी खेळाडूंच्या नावांची वही करावी, कारण महिला संघाच्या बाबतीत नावच सर्वांत आधी हरवते. पुरुष खेळाडूचे नाव शाळेच्या संघापासून नोकरीतून निवृत्त होईपर्यंत एकच राहते. मुलगी मात्र शाळेत एका नावाने खेळते, लग्नानंतर तिचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते आणि आपल्याकडच्या पुष्कळ घरांत पहिले नावसुद्धा बदलले जाते. अशा वेळी १९८८ सालच्या बातमीत गोल करणारी मुलगी आणि आज नातवाला शाळेत सोडायला जाणारी आजी यांच्यात कागदावर एकही शब्द समान उरत नाही. ही सांधेजोड केली नाही तर वर्तमानपत्रातली कात्रणे, प्रमाणपत्रे आणि मुलाखती यांचे तीन वेगळे ढीग तयार होतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

आमच्या पहिल्या यादीत एक खेळाडू माहेरच्या नावाने आणि सासरच्या नावाने अशी दोनदा मोजली गेली होती. याच्या उलट चूकही झाली. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या बातमीत आद्याक्षर आणि आडनाव एवढेच छापलेले असे आणि ‘एस. मेश्राम’ या नावाखाली आम्ही ज्या एका मुलीचे गोल मोजत होतो, त्या खरे तर दोघी सख्ख्या बहिणी निघाल्या. मेश्राम, गजभिये, डोंगरे, शेख, नायडू अशी आडनावे नागपूरच्या एकाच संघात दोन-दोन, तीन-तीन वेळा येऊ शकतात, त्यामुळे केवळ आडनावावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

वहीत प्रत्येक खेळाडूला एक पूर्ण पान द्यावे. त्यावर माहेरचे संपूर्ण नाव, सासरचे संपूर्ण नाव, संघातले टोपणनाव, शाळा आणि महाविद्यालय, दहावीचे वर्ष, खेळण्याची जागा, जर्सीचा क्रमांक आठवत असल्यास तो, आणि संघात कोणी आणले, एवढे लिहावे. टोपणनाव किरकोळ समजू नये. मैदानावर हाक त्याच नावाने मारली जात असे आणि तीस वर्षांनी मैत्रिणींना पुष्कळदा तेवढेच आठवते. प्रत्येक माहितीपुढे ती कोठून मिळाली हे त्याच वेळी लिहावे, मग ती खेळाडूने स्वतः सांगितलेली असो, मैत्रिणीने सांगितलेली असो, प्रमाणपत्रावर दिसलेली असो की बातमीत छापलेली. नंतर लिहू म्हटले की ते राहून जाते. नाव कसे छापावे हे खेळाडूला विचारूनच ठरवावे. काहींना दोन्ही नावे हवी असतात, काहींना फक्त माहेरचे नाव हवे असते, कारण त्या नावाने त्या खेळल्या, आणि काहींना ते मुळीच नको असते. त्यामागचे कारण आपण विचारू नये.

क्लबचे कागद आणि त्यांच्या मर्यादा

क्लब किंवा त्याचे मूळ मंडळ नोंदणीकृत असेल, तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० यांखालील त्याची नोंद नागपूरच्या धर्मादाय कार्यालयात सापडते. नोंदणी क्रमांक माहीत असल्यास अर्ज करून शेड्यूल वनची, म्हणजे संस्थेच्या नोंदणीच्या उताऱ्याची, नक्कल मागावी आणि वेळोवेळी दाखल झालेले चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलांचे अहवालही पाहावेत, कारण कोणत्या वर्षी कोणते पदाधिकारी होते हे त्यांतून कळते. मंडळ १९५६ पूर्वीचे असेल, तर नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची आणि त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होते हे ध्यानात ठेवावे. जुन्या शिक्क्यांवर आणि पत्रांवर तीच नावे दिसतील.

या कागदांवर फार विसंबून राहू नये. नोंदणीची तारीख ही स्थापनेची तारीख नसते. पुष्कळ मंडळे आधी वर्षानुवर्षे खेळतात आणि मैदान किंवा अनुदान मिळवायची वेळ आली की नोंदणी करतात. शिवाय मुलींचा संघ बहुधा एखाद्या मोठ्या क्रीडा मंडळाची शाखा म्हणून उभा राहतो, त्यामुळे घटनेत, ठरावांत आणि पदाधिकाऱ्यांच्या यादीत त्याचा उल्लेखही नसतो. आम्हाला मंडळाच्या दहा वर्षांच्या सभावृत्तांत मुलींच्या संघाचा उल्लेख जेथे प्रथम सापडला, तो जर्सीच्या खर्चाच्या मंजुरीत होता. म्हणून सभावृत्तांइतकेच लक्ष जमाखर्चाच्या वहीकडे द्यावे. रेल्वेचे तिकीट, चेंडू, आयोडेक्स, केळी, रेफरीचे मानधन अशा नोंदींतून संघ कधी, कोठे आणि किती जणी घेऊन गेला हे स्पष्ट होते.

संघटनांच्या दप्तरात शोधताना एक गोष्ट माहीत नसली तर फार वेळ वाया जातो. आपल्या देशात महिलांचा फुटबॉल आरंभी पुरुषांच्या संघटनेखाली नव्हता. भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ साली वेगळा स्थापन झाला, त्याच वर्षी लखनौला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने महिलांचा कारभार हाती घेतला तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९९१ पासूनची आहे. त्यामुळे १९७५ ते १९९० या काळातल्या खेळाडूने आपण राष्ट्रीय स्पर्धा खेळलो असे सांगितले आणि आजच्या संघटनेच्या यादीत तिचे नाव मिळाले नाही, तर तिच्या सांगण्यावर शंका घेण्याआधी आपण चुकीच्या कपाटात शोधत आहोत का, हे तपासावे. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटना ही मुंबईत १९११ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी, म्हणजे विफाशी संलग्न आहे. क्रिकेटमध्ये विदर्भाची संघटना स्वतंत्र आहे. यामुळे ‘स्टेट खेळले’ या दोन शब्दांचा अर्थ खेळानुसार बदलतो. जिल्हा, विभाग, विद्यापीठ, विदर्भ, महाराष्ट्र यांपैकी नेमक्या कोणत्या संघाकडून ती खेळली हे प्रमाणपत्र पाहूनच लिहावे.

प्रमाणपत्रे जपून ठेवलेली असण्याची शक्यता आपल्याला वाटते त्याहून जास्त असते, कारण त्यांच्यावर नोकऱ्या अवलंबून होत्या. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात आणि रेल्वे व पोलीस दलांत खेळाडूंची भरती होत आली आहे. घरातल्या गोदरेजच्या कपाटात, लग्नाच्या शालूखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली फाइल असते. ती पाहायला मागावी. विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलीकडे कलर कोट, म्हणजे विद्यापीठाच्या खेळाडूला मिळणारा मानाचा कोट, असू शकतो, आणि त्याच्या खिशावरचे चिन्ह व वर्ष यांचा फोटो अवश्य घ्यावा.

वर्तमानपत्रांत शोधताना

नागपुरात हितवाद १९११ पासून निघत आहे, नवभारतही जुने आहे, लोकमत १९७१ साली दैनिक झाले, आणि तरुण भारतातही स्थानिक क्रीडावार्ता येत. ग्रंथालयांत आणि वर्तमानपत्रांच्या कार्यालयांत जुन्या अंकांचे बांधीव खंड असतात. संस्थेच्या पत्रासह आधी परवानगी मागावी आणि वर्षे नेमकी सांगावीत. ‘महिला फुटबॉल’ एवढेच शोधायला गेल्यास हाती काहीच लागत नाही. स्पर्धेची तारीख प्रमाणपत्रावरून आधी निश्चित करावी आणि तिच्या पुढचे-मागचे पंधरा दिवस पान न गाळता पाहावेत. सामन्याची बातमी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येते, कधी चौकटीत चार ओळींची, कधी केवळ निकालांच्या रकान्यात. शहराच्या पुरवण्या पुष्कळदा मूळ अंकासोबत बांधलेल्या नसतात, म्हणून त्या वेगळ्या ठेवल्या आहेत का, हे ग्रंथपालांना विचारावे.

मुलींच्या संघातल्या खेळाडू अनेकदा दुसऱ्या खेळांतून आलेल्या असतात. धावणाऱ्या मुली, हँडबॉल आणि हॉकी खेळणाऱ्या मुली, कबड्डीत चपळ असलेली एखादी, अशा जमवून अकरा जणी उभ्या केल्या जात. त्यामुळे मैदानी स्पर्धांचे निकालही पाहावेत. आमच्या संघाची गोलरक्षक आम्हाला आधी गोळाफेकीच्या निकालात भेटली आणि फुटबॉलच्या बातमीत नंतर. कात्रणाचा फोटो घेताना वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान यांचाही वेगळा फोटो त्याच वेळी घ्यावा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी बातम्यांत एकच नाव तीन प्रकारे छापलेले असते. तिन्ही रूपे वहीतल्या त्या खेळाडूच्या पानावर उतरवून ठेवावीत.

फोटोचा काळ ठरवणे

संघाचा फोटो मिळाला की तो कोणत्या वर्षाचा हा प्रश्न येतो. काही फोटोंत मधोमध ठेवलेल्या चेंडूवर किंवा पाटीवर खडूने वर्ष लिहिलेले असते आणि मग काम सोपे होते. ते नसेल तर बारीकसारीक खुणा उपयोगी पडतात. काळ्या पंचकोनांचा आणि पांढऱ्या षट्कोनांचा ३२ तुकड्यांचा चेंडू जगभर ओळखीचा झाला तो १९७० च्या विश्वचषकामुळे, म्हणून तसा चेंडू असलेला फोटो सहसा त्यानंतरचा असतो. मात्र वस्तीतल्या संघाकडे तो चेंडू कितीही वर्षे राहू शकतो, त्यामुळे शेवटची मर्यादा त्यावरून ठरत नाही. पत्राच्या मथळ्यावर पिनकोड असेल तर ते पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे आहे. प्रमाणपत्रावर केवळ नागपूर विद्यापीठ असे नाव असेल तर ते २००५ पूर्वीचे मानावे, कारण राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हे नाव विद्यापीठाला त्या वर्षी मिळाले. मोतीबागेकडचा रेल्वे विभाग २००३ पर्यंत दक्षिण पूर्व रेल्वेत होता आणि त्यानंतर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेला, त्यामुळे रेल्वेने भरवलेल्या स्पर्धेच्या फलकावरचे नावही काळ सांगते. फोटोच्या मागची बाजू न विसरता पाहावी; स्टुडिओचा शिक्का, तारीख किंवा कोणी पेनाने लिहिलेली नावे तेथे असतात.

फोटोतल्या व्यक्ती ओळखून घेताना मूळ फोटोवर कधीही लिहू नये. मोठी प्रत काढावी, प्रत्येक चेहऱ्यावर क्रमांक टाकावा आणि ती प्रत निरनिराळ्या खेळाडूंना वेगवेगळ्या वेळी दाखवावी, म्हणजे एकीच्या आठवणीचा दुसरीवर परिणाम होत नाही. नंदनवनातल्या एका घरी मी अशी प्रत घेऊन गेले, तेव्हा त्या ताई ओट्याजवळ उभ्या होत्या. हात पदराला पुसून त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि चेहऱ्यांवरून बोट फिरवत, न थांबता, दहा नावे सांगितली. प्रत्येक नावासोबत ती कोठे खेळायची हेही सांगितले, लेफ्ट इन, राइट आउट, स्टॉपर. मागच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या मुलीपाशी त्यांचे बोट थांबले. नाव काही केल्या आठवेना. ती भावाचे बूट पुढे कापड कोंबून घालायची आणि कॉर्नर तीच मारायची, एवढे मात्र त्यांना अगदी स्वच्छ आठवत होते. अशी माहिती नावाइतकीच काळजीपूर्वक लिहून घ्यावी. नाव दुसरीकडून मिळू शकते, बुटांतले कापड आणखी कोणी सांगेलच असे नाही.

मुलाखती कशा घ्याव्यात

या कामाचा गाभा मुलाखतींत आहे आणि येथे घाई केली तर नुकसान होते. पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढूच नये. ओळख करून द्यावी, काम सांगावे, वही दाखवावी आणि दुसरी वेळ ठरवून यावे. ती वेळ त्यांच्या सोयीची असावी. नोकरी करणाऱ्या बायकांना रविवारची सकाळ बरी पडते, घरी असणाऱ्यांना दुपारी जेवणे आटोपल्यावर. शक्य झाल्यास दोघींची भेट एकत्र आणि एकदा स्वतंत्रपणे, अशी दोन्ही प्रकारे घ्यावी. मैत्रिणी सोबत असल्या की आठवणी एकमेकींना जागवतात, पण घरचा विरोध, पैशांची ओढ, दुखापत यांविषयी माणूस एकट्यानेच बोलतो. घरातले कोणी शेजारी बसून त्यांच्या वतीने उत्तरे देऊ लागले, तर त्यांचेही ऐकून घ्यावे आणि पुढची भेट मैदानावर ठरवावी. जुन्या मैदानावर उभे राहिल्यावर गोलपोस्ट कोठे होता, कपडे कोठे बदलावे लागत, पाणी कोठून आणत हे सगळे आपोआप निघते. कपडे बदलण्याच्या जागेचा प्रश्न मुद्दाम विचारावा. मुली खेळ का सोडून गेल्या याचे उत्तर कितीतरी वेळा तेथे असते.

साल विचारले की बहुतेक जणी अडखळतात. म्हणून साल न विचारता आधार विचारावा. दहावीच्या आधी की नंतर, लग्नाच्या आधी की नंतर, मोठी मुलगी झाली होती का, इंदिरा गांधी गेल्या त्या वर्षी संघ होता का, नागपूरच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, म्हणजे २००२ साली, खेळत होता का, असे प्रश्न उपयोगी पडतात. वर्षातला काळ ठरवायला मारबत, तान्हा पोळा, दीक्षाभूमीवरची गर्दी, हिवाळी अधिवेशन यांचे संदर्भ घ्यावेत. दहावीची गुणपत्रिका बहुतेकींकडे असते आणि त्या एका वर्षावरून पुढची-मागची पाच वर्षे लावता येतात.

खेळाविषयी नेमके विचारावे. पहिला सराव कोणी घेतला, तेव्हा अंगात काय होते, बूट कधी मिळाले, सामना किती मिनिटांचा होता, गोलरक्षक बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू, हातात घेत असे का, हे प्रश्न विचारले की बोलणे सन्मान आणि आभार यांच्यातून बाहेर पडून खेळावर येते. सामना ९० मिनिटांपेक्षा कमी होता असे कोणी सांगितले तर तिला दुरुस्त करायला जाऊ नये; १९९१ सालचा महिलांचा पहिला विश्वचषकसुद्धा ८० मिनिटांच्या सामन्यांचा होता. बॅकपास हाताने घेण्यास मनाई झाली ती १९९२ साली, त्यामुळे त्या उत्तरातूनही काळाचा अंदाज येतो, अर्थात वस्तीतल्या स्पर्धांपर्यंत नियम पोहोचायला वेळ लागे हे धरूनच.

नागपुरातला संघ एका भाषेचा क्वचितच असतो. कामठीच्या खेळाडू उर्दूमिश्रित हिंदीत बोलतात, रेल्वे वसाहतींतल्या तेलुगू किंवा तमिळ घरांतून आलेल्या असतात, काहींच्या घरी छत्तीसगडी बोलली जाते आणि आपली नागपुरी मराठी तर असतेच. जी ज्या भाषेत मोकळेपणाने बोलेल, त्याच भाषेत बोलू द्यावे आणि लिहून काढताना तिचे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. ‘खेळून राहिलो होतो’ याचे ‘खेळत होतो’ असे प्रमाण रूप करण्याचा मोह आवरावा. रेकॉर्डिंग करताना फोन फ्लाइट मोडवर ठेवावा आणि उन्हाळ्यात कूलर तेवढा वेळ बंद करण्याची विनंती करावी, कारण त्याच्या आवाजात अर्धी मुलाखत बुडते. मुलाखतीचा कोणता भाग छापता येईल याची संमती लेखी घ्यावी आणि ती पुढे कधीही मागे घेता येईल हे स्पष्ट सांगावे.

सन २००१ नंतरच्या संघांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आणखी एक दुवा तपासावा. विजय बारसे यांनी त्या वर्षी नागपुरात सुरू केलेल्या स्लम सॉकरच्या कामातून झोपडपट्ट्यांमधली मुलेमुली फुटबॉलकडे आली आणि काही खेळाडू होमलेस वर्ल्ड कपसारख्या, लहान मैदानावर चार-चार जणांनी खेळायच्या स्पर्धांपर्यंत पोहोचले. आपल्या क्लबमधली कोणी त्या वाटेने गेली असेल तर तिच्या पासपोर्टवरचे शिक्के हा तारखांचा सर्वांत पक्का पुरावा आहे.

जमवलेले जपणे

मूळ वस्तू मालकिणीकडेच राहू द्याव्यात. स्कॅन किंवा फोटो घेऊन त्याच दिवशी परत कराव्यात आणि घेतल्याची व दिल्याची नोंद दोघींच्या सहीने करावी. एखाद्या घराचा एकमेव फोटो आपल्या हातून हरवला तर त्या वस्तीत पुढचे दार उघडत नाही. फोटो किमान ६०० डीपीआयने स्कॅन करावेत. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नयेत. पानासकट स्कॅन करावे. फॅक्सचा जुना कागद आणि एसटीडी बूथच्या पावत्या यांवरची शाई उडते, त्यांची प्रत सर्वांत आधी काढावी. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखालची पेटी आणि कूलरच्या वाऱ्यासमोरचे कपाट या दोन्ही जागा कागदांसाठी वाईट आहेत, पहिलीत ते करपतात आणि दुसरीत त्यांना बुरशी धरते. हे त्या घरी सौम्यपणे सांगावे आणि सोबत नेलेले आम्लरहित लिफाफे देऊन यावेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरची कपाटे बुडाली. प्रमाणपत्रांची दुसरी प्रत वेगळ्या घरी असावी याचे महत्त्व त्यानंतर कोणाला पटवून द्यावे लागत नाही. संगणकावरच्या प्रतीही तीन ठिकाणी ठेवाव्यात आणि फाइलला नाव देताना तारीख, खेळाडूचा वहीतला क्रमांक आणि वस्तूचा प्रकार एवढे तरी घालावे.

लिहायला बसल्यावर

आठवण आणि कागद यांच्यात तफावत आली, आणि ती येतेच, तर दोन्ही लिहावे. अंतिम सामना २-१ ने जिंकला असे चौघी सांगतात आणि बातमी टायब्रेकरवर जिंकला असे म्हणते, तर बातमी पुढे ठेवून चौघींचे सांगणेही नोंदवावे. बातमीदारही चुकत असत. ‘शहरातला पहिला महिला संघ’, ‘विदर्भातली पहिली’ असे दावे शक्यतो करू नयेत, कारण दुसऱ्या वस्तीतला एखादा संघ आपल्याला अजून भेटलेला नसतो. कोणत्या वर्षापासून आपल्याला पुरावा मिळतो ते सांगितले की पुरते.

देशातल्या घडामोडींना एखादे पान द्यावे, त्याहून जास्त नको. १९८० साली कोझिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या, १९८३ चा अर्जुन पुरस्कार शांती मलिक यांना मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू होत्या, २०१६-१७ पासून इंडियन विमेन्स लीग सुरू झाली, ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत झाले. या घटना आपल्या मजकुरात तेथेच याव्यात जेथे त्यांनी आपल्या संघातल्या कोणावर तरी परिणाम केला. नवी मुंबईचा सामना पाहायला संघातल्या चौघी विदर्भ एक्सप्रेसने गेल्या असतील तर तो प्रसंग सविस्तर लिहावा. कोणीच गेले नसेल तर एक ओळ पुरते.

संघ का बंद पडला हे प्रकरण सर्वांत अवघड असते आणि ते टाळले जाते. मैदान गेले, प्रशिक्षकांची बदली झाली, तिघींची लग्ने एकाच उन्हाळ्यात झाली, पैसे संपले, कोणाचे कोणाशी पटले नाही, अशी कारणे एकत्र येतात. जिवंत माणसांवर आरोप होईल असे काही एकाच्या सांगण्यावरून छापू नये, आणि ज्या गोष्टी एखाद्या मुलीला आज घरात किंवा वस्तीत त्रासदायक ठरतील त्या खऱ्या असल्या तरी तिच्या संमतीवाचून लिहू नयेत. तरीही कारण लिहावेच. ‘काही अडचणींमुळे संघ बंद झाला’ या वाक्यात त्या मुलींचे सगळे श्रम पुसले जातात.

मसुदा तयार झाला की छापण्याआधी तो खेळाडूंना मोठ्या अक्षरात छापून द्यावा, आणि ज्यांना वाचणे कठीण जाते त्यांना घरी जाऊन वाचून दाखवावा. आमच्या संघातल्या अकरा जणींना आम्ही एका रविवारी शाळेच्या वर्गात बोलावले होते; वाचन दोन तासांत संपेल असे धरले होते आणि ते अंधार पडेपर्यंत चालले, कारण प्रत्येक परिच्छेदाला कोणीतरी थांबवून दुरुस्ती सांगत होते. त्या दिवसासाठी रेकॉर्डर आणि एक लिहून घेणारी अशी व्यवस्था आधीच ठेवावी. छापलेल्या पुस्तिकेची एकेक प्रत प्रत्येक खेळाडूला, शाळेला, मंडळाला, जिल्हा संघटनेला आणि महाल किंवा सीताबर्डीसारख्या भागातल्या जुन्या ग्रंथालयांना द्यावी आणि ग्रंथालयाच्या दाखलनोंदीचा क्रमांक घ्यावा.

पुस्तिकेच्या शेवटी वहीतली संपूर्ण यादी द्यावी, दोन्ही नावांसह, माहेरच्या नावाच्या वर्णक्रमाने. ज्यांची नावे मिळाली नाहीत त्यांनाही त्या यादीत ओळ द्यावी. आमच्या यादीत सतराव्या क्रमांकासमोर आम्ही असे छापले आहे: मागच्या रांगेत डावीकडून तिसरी, नाव मिळाले नाही, कॉर्नर मारत असे, भावाचे बूट घालून खेळत असे. तिच्या पुढची जागा कोरी ठेवली आहे आणि खाली संपर्काचा फोन क्रमांक दिला आहे.